अक्कांचे मांडे आणि शेणाचा जाळ

लग्न होऊन मी धुळ्याहून पहूरजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा माहेरच्यांनी चौकशी सगळी केली होती. मुलगा शिकलेला आहे का, केळी-कपाशीचं रान आहे का, विहिरीला पाणी आहे का, सासू कशी आहे. एकच गोष्ट कोणी विचारली नाही, ती म्हणजे मुलाला कशाचं वेड आहे का. पत्त्यांचं असतं, दारूचं असतं, तर कोणीतरी आमच्या कानावर घातलंच असतं. पण ऊन, वारा आणि शेण यांचंही वेड लागू शकतं हे माझ्या वडिलांना कुठून सुचणार?

ह्यांना ते जळगावच्या एका प्रदर्शनात लागलं होतं. एका मंडपावर 'अपारंपरिक ऊर्जा' अशी पाटी, आणि आत उन्हावर शिजवणारी पेटी, पंख्याएवढी पवनचक्की, उन्हावर भरून रात्री लागणारा दिवा, आणि मधोमध कापून दाखवलेला गोबर गॅसचा नमुना. हे सकाळी आत गेले ते मंडप बंद करायच्या वेळी बाहेर आले. तेव्हापासून घरात एकच विषय. कोळसा संपणार, डिझेल संपणार, ऊन संपणार नाही. भुसावळला जाताना औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की हे बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत, "बघा, वीज इथं तयार होते आणि अंधार आमच्याकडे येतो." हे मात्र खरं होतं. आमच्या गावात लाईट पाहुण्यासारखी यायची आणि चहासुद्धा न घेता जायची.

पहिला आला सोलर कुकर. जळगावहून एस. टी.च्या टपावर बसून आला. आतून काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा, आत चार काळे डबे. ह्यांनी तो धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढवला आणि अर्धं गाव धाब्यावर बोलावलं. बायका आल्या, डब्यांकडे कोणी पाहिलं नाही, आरशात पदर नीट करून खाली गेल्या. आमच्या गावात तेवढा मोठा आरसा दुसरा नव्हता.

वरण-भात शिजायचा, खोटं कशाला बोलू, सुरेख शिजायचा. पण ते यंत्र दर अर्ध्या तासाला उन्हाकडे तोंड करून ठेवावं लागे. आणि खानदेशचा मे महिना! दुपारी कुत्रंसुद्धा नाल्यातल्या मोरीत शिरून बसतं, आणि मी तापलेल्या धाब्यावर अनवाणी नाचत पेटी फिरवायची. एकदा मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा कुकर भात शिजवतो की मला?" शिवाय आमची माणसं वरण-भातावर उठणारी नाहीत. त्यांना भाकर लागते, आणि भाकर काही काचेच्या पेटीत फुगत नाही. शेवटी अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या कुकरचा निकाल लावला. "शेंगदाने चांगले भाजतं," त्या म्हणाल्या, आणि पुढे कित्येक वर्षं तो आमचा शेंगदाणे भाजायचा कुकर होता.

अक्कांचं बोलणं मला सुरुवातीला अर्धंच कळे. मी धुळ्याची, आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. जामनेरकडे, म्हणजे माझ्या सासरी, 'ळ' हे अक्षर जिभेवर चढतच नाही. केळीची केयी होते, डोळ्यांचे डोये होतात आणि जाळाचा जाय होतो. त्या माझ्या 'शे'ला हसायच्या, मी त्यांच्या 'केयी'ला. भांडण करायला मात्र आम्हांला दुभाषा कधी लागला नाही.

पवनचक्कीची गोष्ट तर सांगायलाच हवी. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं माझ्या माहेरी निघालो होतो. पारोळा सोडल्यावर एका फाट्यावर बस थांबली. ह्यांना लांब कुणाच्या तरी शेतात विहिरीवर उभी असलेली, पाणी ओढणारी पवनचक्की दिसली. "आलोच," म्हणून हे उतरले. प्रवासी चढले, कंडक्टरनं घंटी मारली, बस निघाली. मी ओरडले तर कंडक्टर म्हणतो, "बाई, तुमचे पाव्हणे आपल्या पायांनी उतरले, मी ढकललं नाही." नवी नवरी एकटी पिशवी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा वडिलांचा चेहरा उतरला. "आनि जवाई कठे शेतस?" त्यांनी विचारलं. काय सांगणार? म्हटलं, वारा बघायला उतरले. संध्याकाळी जावईबापू ट्रकमधून आले, कपड्यांवर धूळ, आणि चहा हातात घ्यायच्या आधी वडिलांना पवनचक्कीची पाती कशी वळतात ते समजावू लागले. वडील सगळं ऐकून आत आले आणि आईला हळूच म्हणाले, "पोरगा चांगला शे, पन जरा हवेत शे."

ह्यांची भाकितं मला पाठ झाली होती. "बघ तू, साक्रीच्या पठारावर एक दिवस पवनचक्क्यांच्या रांगा दिसतील. धाब्याधाब्यावर उन्हाची वीज होईल. शेतातली मोटर उन्हावर चालेल." मी म्हणे, "आधी तुमची लुना पेट्रोलवर तरी चालू द्या." आज साक्रीकडे गेलं की पठारावर त्या पांढऱ्या पवनचक्क्या अशा ऐटीत उभ्या दिसतात की मला हसू येतं आणि थोडा रागही येतो, कारण त्या विषयावर ह्यांच्याशी वाद घालायची सोयच राहिली नाही. शेतात उन्हावरचे पंप आले, शहरात गच्चीवर पाणी तापवणाऱ्या टाक्या आल्या. पण कुठली वस्तू वाढेल आणि कुठली अडगळीत जाईल याचा माझा स्वतःचा एक हिशोब आहे, आणि तो कुठल्याही प्रदर्शनात सांगत नाहीत. ज्या वस्तूसाठी घरच्या बाईला दर अर्ध्या तासाला उठावं लागतं, ती वाढत नाही. पवनचक्कीला उन्हात जाऊन कोणी फिरवत नाही, म्हणून ती वाढली. सोलर कुकर शेंगदाण्यांपुरता राहिला.

आणि खरं सांगायचं तर उन्हाचं आमच्या बायकांना कोणी काय शिकवणार? उन्हाळा लागला की प्रत्येक धाब्यावर बिबडे, कुरडया, वडे, मिरच्या, कैरीच्या फोडी. पाय ठेवायला जागा नसायची. वर्षभराचं घर त्या उन्हावर भरायचं. त्याला कोणी अपारंपरिक म्हटलं असतं तर अक्कांनी लाटणं घेतलं असतं.

अक्का म्हणजे आमच्या पंचक्रोशीत मांड्यांचं दुसरं नाव. मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालायचं, खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळलेल्या काड्यांचा, भडकता जाळ, आणि वर पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर, मग कोपरापर्यंत झेलत झेलत मोठी करायची. जाड राहिली तर पोळी, फाटली तर फजिती. अक्कांच्या हातावर ती ओढणीसारखी फिरत फिरत एवढी मोठी व्हायची की पलीकडचा माणूस दिसावा, आणि मग एका झटक्यात खापरावर. लग्न असो, बारसं असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, आधी अक्कांना विचारून मग तारीख ठरवणारी घरं मी पाहिली आहेत. त्या बदल्यात त्या काही घेत नसत. कोणी "अक्का, मांडे झाले बुवा!" म्हणालं की त्यांची मान जी वर जायची, ती दोन दिवस खाली येत नसे.

पण पऱ्हाट्यांचा धूर फार वाईट. त्यांचे डोळे आधी नुसते लाल असायचे, मग सारखं पाणी, मग एका डोळ्यापुढे धुकं. आम्ही त्यांना जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला न घेता त्यांच्यासमोरच सांगितलं, की एका डोळ्याचं नुकसान झालेलंच आहे, धुरापासून लांब राहिल्या नाहीत तर दुसराही जाईल. बसमध्ये अक्का खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. नेरी गेलं, पाळधी गेलं. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "रोजची चूल तू कर. आखाजीले मी बसनार. पोरी येतीन, त्याईले मांडे कोन करीन?"

"अक्का, डोळे जातील."

"जातीन तं जातीन. हात तं राह्यतीन."

मला फार राग आला. राग त्यांचा होता की डॉक्टरांचा, की पऱ्हाट्यांचा, मला आजही सांगता येणार नाही. भीती वाटत होती हे खरं. ही बाई बोललेलं करते, हे मला पक्कं माहीत होतं.

आधी ह्यांनी बिनधुराची चूल आणली. मातीचीच, दोन तोंडांची, धूर जायला मागे पाईप. धूर खरंच पाईपातून जायचा, पण त्याच्याबरोबर जाळही मागे पळायचा आणि पुढच्या तोंडावर भाकर पापडासारखी सपाट राहायची. आठवड्यात अक्कांनी पाईपाचं तोंड मातीनं लिंपून टाकलं, आणि धूर पुन्हा घरात आला. सिलिंडर तेव्हा शहरातल्या लोकांनाही नंबर लावून मिळायचा, खेड्यात तो फक्त ऐकून माहीत.

मग हे म्हणाले, आता गोबर गॅस.

आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, साफ नाही म्हटलं. शेण हे रानाचं आहे, चुलीचं नाही. हे समजावत होते की शेणातला फक्त गॅस जळतो, खत जसंच्या तसं बाहेर येतं, उलट चांगलं होऊन येतं. आबा म्हणाले, "म्हंजे गाईनं खाल्लं, मंग टाकीनं खाल्लं, तरी उरतं?" पण अक्कांच्या डोळ्यांचा विषय निघाला की ते गप्प व्हायचे. शेवटी एक दिवस त्यांनी स्वतःच कुदळ घेतली आणि गोठ्यामागे जागा आखली. दिवाळीनंतर खड्डा खणला, विटांची विहीर बांधली, वर लोखंडाची मोठी टाकी पालथी तरंगत ठेवली. शेण आणि पाणी सारखं कालवून आत सोडायचं. गॅस झाला की टाकी वर येते, वापरला की खाली जाते. मी रोज सकाळी चहाआधी टाकी बघायला जायचे. कोणी पोरीच्या उंचीकडे बघतं तसं आम्ही त्या टाकीकडे बघायचो.

संक्रांतीच्या सुमाराला शेगडी पेटली. निळी ज्योत, आवाज नाही, वास नाही, आणि धूर अजिबात नाही. गावातल्या बायका नाकाला पदर लावून आल्या होत्या, त्यांनी पदर काढले. अक्कांनी ज्योतीवर चहा होऊ दिला, भाकर होऊ दिली, आणि मग कोपऱ्यातलं खापर आणून तिच्यावर पालथं घातलं.

आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो. शेगडीची ज्योत बारीक, मधोमध टोचल्यासारखी. खापराचा मध्यभाग तापून पांढरा पडला, कडा थंडच. थोड्या वेळानं 'टच्च' असा आवाज झाला आणि खापराचे दोन तुकडे. एरवी आमच्या घरात काहीही बिघडलं की त्याचं खापर ह्यांच्यावर फुटायचं. त्या दिवशी तेही जमिनीवरच फुटलं, कारण अक्का कोणाला काही बोलल्याच नाहीत. तुकडे गोळा करून बाहेर टाकून आल्या आणि म्हणाल्या, "मांड्याले बठ्ठीकडून जाय लागतो. हा तं दिवा हाये."

त्यांचं बरोबर होतं. जाळ चारही बाजूंनी हवा. मग हे आणि मी कागदावर आकृत्या काढत बसलो. मी बी. एस्सी. झालेली, पण लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग फक्त दुकानदाराच्या तराजूवर लक्ष ठेवण्यापुरता होत होता. आम्ही ठरवलं, पाईपाची गोल कडी करायची, खापराच्या घेराएवढी, तिला वरच्या अंगाला छिद्रं पाडायची. भुसावळच्या वेल्डरनं आकृती बघून विचारलं, "देवाची प्रभावळ करताय का?" कडी आली, लावली, पेटवली. सगळ्या छिद्रांवर निरांजनातल्या वातींएवढ्या ज्योती आल्या आणि लगेच मान टाकू लागल्या. मोठ्या कडीला गॅसही जास्त लागत होता.

इथं आमच्या घराण्यानं तो पराक्रम केला, जो केळी पिकवणाऱ्यांशिवाय कोणी केलाच नसता.

गॅस जास्त हवा, पण शेण तेवढंच. आणि रानात बघावं तिकडे घड काढलेल्या केळीचे खांब पडलेले. ह्यांनी कुठंतरी वाचलं होतं की ओला पालापाचोळासुद्धा टाकीत कुजून गॅस देतो. बस! त्या दिवशी पहिल्यांदा आबांनाही उत्साह चढला. खांब बांधावर टाकून टाकून ते आयुष्यभर कंटाळले होते. कोयते निघाले. आबा, हे, दोन गडी, मीसुद्धा, सगळ्यांनी खांब तोडून तोडून टाकीच्या विहिरीत ढकलले. पहिले काही दिवस टाकी अशी वर आली की हे गावभर मिरवून आले. मग ती वर यायची थांबली. मग हलेचना. गोल फिरवायला गेलं तर जागची ढळेना.

साखळ्या लावून माणसांनी टाकी वर उचलली. आत बघतो तर काय, खांबाचा गाभा कुजून गेला होता आणि सोपटाचे, म्हणजे खांबाच्या सालीचे, धागे तसेच्या तसे, एकमेकांत गुंतून, शेणात भिजून, विहिरीवर जाड गादी झाली होती. वर म्हैस उभी राहिली असती.

आता गंमत बघा. आमच्या घरात काय बांधायचं असलं की सोपटाच्या दोरीनंच बांधतात. कुंपण सोपटानं, भाजीची जुडी सोपटानं, वासराचं दावं तुटलं तर तात्पुरतं सोपटानं. सोपट पावसातसुद्धा लवकर कुजत नाही हे आमच्या घरातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. आणि आम्ही सगळी शहाणी माणसं ते कुजेल म्हणून टाकीत भरत होतो. आबा विहिरीच्या काठावर बसून एकेक धागा ओढून काढत होते. बराच वेळ गंभीर होते, आणि मग एकदम खो खो हसत सुटले. "अरे, एवढ्या वर्सात एवढी दोरी कधी निंघली नव्हती!" मग जे हसणं सुरू झालं, ते थांबेना. बघायला जमलेले लोक हसले, गडी हसले, हे कमरेपर्यंत शेणात उभे राहून हसत होते. मी तर भिंतीला टेकून खाली बसले.

हसत नव्हत्या त्या फक्त अक्का. त्या ओसरीवर बसून नवीन खापर पाण्यात भिजवत होत्या. आणि अंगणाच्या कोपऱ्यात त्यांनी पऱ्हाट्यांची मोळी आणून ठेवलेली होती.

ती मोळी बघून माझं हसणं गेलं. आखाजी महिन्यावर आली होती. टाकी रिकामी करून, धुऊन, पुन्हा शेण भरून गॅस व्हायला तेवढे दिवस लागणारच. मी रोज सकाळी शेण कालवायला स्वतः जाऊ लागले. धुळ्याच्या कॉलेजात शिकलेली पोरगी कोपरापर्यंत शेणात हात घालून उभी आहे हे माझ्या आईनं बघितलं असतं तर तिला चक्कर आली असती. मला त्याचं काही वाटत नव्हतं. अक्का येता-जाता बघायच्या. एकदा मात्र बादलीत पाणी ओतून गेल्या.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. तिघी नणंदा आदल्या दिवशी मुलाबाळांसह हजर झाल्या. लिंबाला झोके बांधले गेले, गाण्यांचा गलका सुरू झाला. आदल्या दिवशीचा सगळा स्वयंपाक मी अंगणातल्या चुलीवर केला, गॅसला कोणाला हात लावू दिला नाही. चहासुद्धा नाही. मोठ्या नणंदेनं कुरकुर केली, तिला म्हटलं, "ताई, उद्या मांडे खायचेत की आज चहा प्यायचाय?"

आखाजीची सकाळ. पितरांची घागर पुजली, विस्तवावर त्यांच्या नावानं घास टाकून आगारी झाली. पुरण वाटून तयार, कणीक परातीत तेलापाण्यात भिजून लोण्यासारखी. अक्का पाटावर बसल्या. ह्यांनी कडी पेटवली. टाकी अर्ध्यावर चढलेली होती, गॅस होता, पण ज्योती तशाच, लहान. खापराच्या कडेपर्यंत पोचतच नव्हत्या. पहिला मांडा टाकला तो वाळलाच, भाजला नाही. अक्कांनी तो उचलला, बघितला, गाईच्या पाटीत टाकला. "पऱ्हाट्या आना," त्या म्हणाल्या.

कोणी हललं नाही. त्या स्वतः उठायला लागल्या. मी दारात आडवी उभी राहिले. "अक्का, एक दम थांबा."

"सरक व."

"नाही सरकणार."

एवढ्या वर्षांत मी त्यांना असं तोंडावर कधी अडवलं नव्हतं. मला खरंच काही सुचलेलं नव्हतं, मी नुसती घाबरून उभी होते. समोरच्या खिडकीतून परसात टाकी दिसत होती, शेणाच्या विहिरीत संथ तरंगत असलेली. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. गॅस तर आहे, त्याला नुसता जोर नाही. जोर टाकीच्या वजनाचा. वजन वाढवलं की दाब वाढणार!

"ताई, टाकीवर जाऊन बसा!" मी ओरडले.

मोठ्या नणंदेला वाटलं मी रागानं बोलतेय. पण हे ताबडतोब समजले आणि परसात धावले. सरकीची पोती आणायला वेळ लागला असता, बहिणी समोरच होत्या. त्यांनी मोठीला हात देऊन टाकीवर चढवलं, मग मधलीला. मोठी नणंद अंगानं भरलेली. त्या वजनावरून तिनं आयुष्यभर टोमणे ऐकले होते. ती टाकीवर मांडी घालून बसली मात्र, आणि स्वयंपाकघरात कडीनं 'भर्र' असा आवाज केला. ज्योती एका दमात वीतभर उठल्या आणि खापराला चारही बाजूंनी कवेत घेतलं.

अक्का उभ्याच होत्या. त्यांनी खापरावर हात धरून बघितला. एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, मागे. मग पाटावर बसल्या आणि कणकेचा गोळा उचलला.

तो मांडा मी विसरणार नाही. हातांवर फिरला, कोपरापर्यंत आला, त्याच्याआडून मला त्यांचा चेहरा दिसला, आणि तो खापरावर पडला तो असा सरळ, की सुरकुती नाही. लगेच फोड आले, कडा सुटली. अक्कांनी उलटवला. सोनेरी ठिपके सगळीकडे सारखे.

मग काय विचारता! परसात दोघी बहिणी टाकीवर बसून गाणी म्हणत होत्या. त्या हसून हलल्या की आत ज्योती नाचायच्या आणि अक्का आतून ओरडायच्या, "सुद्या बसा व! माहा मांडा जयतो!" गावातल्या बायका हा तमाशा बघायला आल्या, आणि दोघी-तिघींनी "आम्हीबी बसतो," म्हणून नंबर लावला. मोठी नणंद उठायलाच तयार नव्हती. "मी उठली तं जाय कमी होतो," ती ऐटीत सांगायची. तिला आमरस आणि मांडा तिथंच टाकीवर नेऊन दिला. आबा म्हणाले, "प्रदर्शनात हे दाखवलं नव्हतं का रे?" हे म्हणाले, "तिथं बहिणी नव्हत्या ना, आबा."

दुपार कलली. पुरुषांच्या पंगती उठल्या, मुलं जेवून झोक्यांकडे पळाली. परात रिकामी झाली. मी पानं पुन्हा मांडली, नणंदांना बोलावलं, आणि सवयीनं अक्कांसाठी ताकाचा तांब्या काढला. तो काढताना माझ्या लक्षात आलं की लग्न होऊन इतक्या आखाजी झाल्या, इतकी लग्नं झाली, पण मांड्यांच्या दिवशी मी अक्कांना जेवताना कधी पाहिलेलं नाही. कोणीच पाहिलेलं नव्हतं. धूर आणि धग अंगात भिनली की अन्नावरची वासनाच जाते. चुलीपासून उठायचं, डोळ्यांवर ओला पदर ठेवायचा, ताक प्यायचं आणि अंधाऱ्या खोलीत पडायचं. आम्ही जेवून "मांडे झाले बुवा" म्हणायचो, आणि त्या आतून ऐकायच्या.

अक्कांनी हात धुतले. ताकाच्या तांब्याकडे बघितलंही नाही. येऊन लेकींच्या शेजारी पाट सरकवून बसल्या, डोळे कोरडे, आणि मला म्हणाल्या, "मले वाढ व. भूक लागली."

मी शेवटचा गरम मांडा त्यांच्या पानात ठेवला, वर तूप सोडलं. त्यांनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला, सावकाश चावला. अक्कांनी दुसरा तुकडा मोडला. मग वर बघून, कोणाला तरी खरंच विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "असे लागता व्हय माहे मांडे?"

मी वाटीतलं उरलेलं तूप सगळं त्यांच्या पानात ओतलं.